मिडीच्या वायरमधून आवाज जातच नाही

मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी बोलतात ती ठरलेली भाषा. वर्षानुवर्षं कीबोर्ड वाजवणाऱ्या कितीतरी लोकांना अजूनही वाटतं की मिडीच्या वायरमधून आवाज जातो. नाही हो. जातात फक्त आकडे, कुठली पट्टी दाबली, कशी दाबली आणि कधी सोडली एवढंच. आवाज पियानोचा काढायचा की बासरीचा ते पलीकडचं यंत्र त्याचं ते बघून घेतं, म्हणून तर पियानोवर वाजवलेला ट्रॅक नंतर आरामात व्हायोलिनवर नेता येतो, आणि एखादी पट्टी चुकीची दाबली गेली असेल तर तेवढीच उचलून जागेवर ठेवता येते, परत वाजवायची गरज नाही.

पट्टी दाबली की तीन बाइट निघतात. पहिल्यात नोट ऑनचा हुकूम आणि १ ते १६ पैकी चॅनल (हुकूम कुठल्या वाद्यासाठी आहे ते), दुसऱ्यात नोटचा नंबर, तिसऱ्यात वेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती झपकन खाली गेली ते. नोटचे नंबर ० ते १२७, मधला सी ६० आणि ४४० हर्ट्झचा ए ६९. काळी-पांढरी असा काही भेद नाही, सगळ्यांना ओळीनं नंबर.

पट्टी सोडली की नोट ऑफचा वेगळा मेसेज. आता खरी गंमत ही की सूर किती लांब वाजणार हे मिडीला आधी माहीतच नसतं, त्यामुळे नोट ऑन पोचला आणि तेवढ्यात कुणाचा पाय लागून वायर निघाली तर ऑर्गनचा सूर तसाच चालू राहतो, निगरगट्टासारखा. पॅनिक बटण असतं ते याच्यासाठीच, ते सगळ्या चॅनलवर कंट्रोलर नंबर १२३ म्हणजे 'ऑल नोट्स ऑफ' पाठवतं.

आणि मिडीवर कुठलीच कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, खऱ्या अर्थानं एकदम वाजत नाही! जुन्या पाच पिनांच्या वायरचा स्पीड सेकंदाला ३१,२५० बिट, एकेका बाइटला पुढचा-मागचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे एका नोट ऑनला जवळपास १ मिलिसेकंद, आणि सगळे एका रांगेत. दहा बोटांची कॉर्ड पूर्ण जायला साधारण १० मिलिसेकंद. यावर मिडी बनवणाऱ्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते: हुकूम मागच्यासारखाच असेल तर पहिला बाइट पाठवायचाच नाही, आणि शून्य वेलॉसिटीचा नोट ऑन म्हणजेच नोट ऑफ समजायचा, म्हणजे दाबणं-सोडणं दोन्ही एकाच हुकमावर भागतं. तीच कॉर्ड मग ७ मिलिसेकंदांच्या आत जाते.

वायरिंगमध्येही डोकं लावलंय. घेणाऱ्या बाजूला ऑप्टोआयसोलेटर असतो, त्यात सिग्नल प्रकाशाच्या रूपानं पलीकडे उडी मारतो, दोन यंत्रांच्या सर्किटांचा थेट संबंध येत नाही आणि ग्राउंड लूपची, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमुळे येणारी, घूंऽऽ टळते.

हे सगळं जमलं ते सिंथेसायझर बनवणारे डेव्ह स्मिथ आणि रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारामुळे. जानेवारी १९८३ च्या नॅम शोमध्ये, म्हणजे वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात, स्मिथच्या सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवले. एकमेकांचे स्पर्धक, तरी वायर एकच, आणि वापरायला रॉयल्टी नाही! २०१३ मध्ये दोघांना टेक्निकल ग्रॅमी मिळालं, ते फार उशिरा मिळालं असं माझं मत.

माझी जुनी तक्रार पिच बेंडबद्दल, म्हणजे सूर वर-खाली सरकवण्याबद्दल. त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत, सूर अगदी गुळगुळीत सरकतो, पण बेंड लागतो अख्ख्या चॅनलला. कॉर्डमधल्या एकाच सुराला मींड द्यायची तर बाकीचे पण त्याच्या मागे घसरत जातात. एमपीई नावाच्या मिडीच्याच एका नंतरच्या पद्धतीनं यावर जुगाड केला, प्रत्येक सुराला वेगळा चॅनल देऊन टाकला. जुगाड म्हणतोय खरं पण मस्त चालतो. २०२० च्या मिडी २.० मध्ये तर प्रत्येक सुराला स्वतःचा बेंड आहे, आणि यंत्रं एकमेकांना आधी विचारतात की तुला काय काय येतं, समोरच्याला नवीन येत नसेल तर गुपचूप जुन्यावर येतात.

हल्लीच्या छोट्या डब्यांवर पाच पिनांऐवजी हेडफोनसारखा ३.५ मिमीचा जॅक असतो. त्यात टाइप ए आणि टाइप बी अशी दोन वायरिंग आहेत, स्टँडर्ड ए आहे, पण आधीच्या काही यंत्रांवर बी आहे. दोन्ही दिसायला सेम, त्यामुळे काहीच वाजत नसेल तर यंत्राला शिव्या घालायच्या आधी अडॅप्टर कुठला आहे ते बघा.