तुम्ही विचारलंत म्हणून : डबी आधी, नळ्या नंतर

मुलगी आता पहिलीत जाते, तरी प्रश्न काही थांबलेला नाही. लग्नात पंगत उठली की कुणीतरी मला खांबाआड घेतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "वहिनी, मूल राहावं म्हणून तुम्ही नक्की काय केलं होतं हो? कुठल्या डॉक्टरकडं गेला होता?" बऱ्याचदा हे 'मावसबहिणीसाठी' विचारलेलं असतं. मावसबहीण समोरच उभी आहे हे दोघींनाही कळत असतं, पण तेवढं चालतं.

मी डॉक्टरचं नाव सांगायच्या आधी उलट विचारते, "त्यांचा रिपोर्ट झाला का?"

"त्यांचा? त्यांना काय झालंय?"

आम्हीही असंच म्हणत होतो. लग्नाला दोन वर्षं झाली, वर्षभर चान्स घेऊन दिवस जाईनात, म्हणून आम्ही कोल्हापुरातल्याच एका दवाखान्यात गेलो. म्हणजे मी गेले, नवरा बाहेर गाडीपाशी उभा. पुढचे चौदा महिने तपासण्या फक्त माझ्या झाल्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर. दर महिन्याला फॉलिक्युलर, म्हणजे दिवसाआड सोनोग्राफी. बीज ज्यात वाढतं तो फुगा किती मिलिमीटरचा झाला ते पाहायचं, अठरा-वीसच्या आसपास आला की इंजेक्शन, मग तो 'फुटला का' बघायला परत रांग. मग बीज गर्भपिशवीपर्यंत नेणाऱ्या नळ्यांची तपासणी. त्यात पिशवीच्या तोंडातून औषध सोडतात आणि ते दोन्ही नळ्यांतून पलीकडं जातंय का ते एक्स-रेवर पाहतात. "थोडं दुखेल" म्हणाले होते. टेबलाची कड धरून मी छतावरचा पंखा मोजत होते, तीन पात्यांचा, चार वेळा मोजला. नळ्या मोकळ्या निघाल्या. पुढच्या भेटीत दुर्बिणीतून तपासणीचं निघालं, भूल देऊन. आणि नवऱ्याचा एक साधा रिपोर्ट कुणी मागितला नव्हता. आम्हालाही सुचलं नव्हतं, हे कबूल करते. दवाखान्यावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही.

सुचवलं पुण्याच्या नणंदेनं, ती लॅबमध्ये काम करते. फोनवर म्हणाली, "वहिनी, दुर्बीण राहू दे. आधी दादाला डबी दे."

ती डबी. प्लॅस्टिकची, लाल झाकणाची. शेवटच्या वीर्यस्खलनानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून वीर्याचा नमुना द्यायचा, घरून आणायचा तर तासाभरात पोचवायचा आणि अंगाच्या उबेला ठेवायचा. लॅबमधल्या संडासाची कडी लागत नव्हती, म्हणून घरूनच न्यायचं ठरलं. सासूबाई चहा घेऊन दारात आल्या तर हा शर्टाच्या आतल्या खिशावर हात दाबून "नको, उपाशीपोटी रक्त द्यायचंय" म्हणत जिना उतरला. माझ्या चौदा महिन्यांच्या तपासण्यांनी फाइलचा क्लिप तुटायला आला होता. याची तपासणी सहाशे रुपयांत, अर्ध्या तासात संपली.

रिपोर्टमध्ये मिलिलीटरला सत्तर लाख शुक्राणू, हालचाल 22 टक्के. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेची खालची रेघ दीड कोटी आणि 40 टक्के होती. 2021 मध्ये ती 1.6 कोटी आणि 42 टक्के झाली. ही रेघ म्हणजे पास-नापास नव्हे, एवढं मात्र समजून घ्या. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे घेतले आणि त्यांच्यातल्या तळाच्या पाच टक्क्यांपाशी रेघ ओढली. रेघेखाली असूनही मुलं होतात, रेघेवर असूनही अडतं. नवऱ्याला हे सांगायला कुणी नव्हतं. तो तीन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

नवीन डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. मूल राहत नाही अशा जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं, एकटं नाहीतर बायकोच्या कारणासोबत, हे त्यांनी अगदी गॅसचा नंबर लावल्यासारखं सपाट आवाजात सांगितलं. मला तो आवाज फार आवडला. मग याला प्रश्न. नोकरी कुठं? शिरोलीच्या फाउंड्रीत, भट्टीवर. तंबाखू? "मावा, कधीमधी." (दिवसाला पाच पुड्या.) जिममध्ये कसली इंजेक्शनं? नाही. हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात, कारण टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं बाहेरून घेतली की शरीर स्वतःचे शुक्राणू बनवायचं जवळजवळ थांबवतं. मर्दानगी वाढवायला घेतात आणि काउंट शून्यावर येतो. गळ्यात चेन घालून फिरणाऱ्या आमच्या एका पुतण्याला मी हे अख्ख्या बैठकीत ऐकवलंय. अंडकोशातल्या शिरा फुगल्यात का तेही तपासलं, तसं काही नव्हतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून आज मावा सोडला तर फरक उद्या दिसत नाही. तीन महिन्यांनी परत या, एका रिपोर्टवर काही ठरवायचं नसतं, असं सांगून त्यांनी पाठवलं.

त्या तीन महिन्यांत माझी एक गंमत उघडी पडली. माझी पाळी पस्तीस दिवसांची. घरातल्या आणि दारातल्या सगळ्या बायकांनी मला 'चौदावा दिवस' पाठ करून दिला होता. चौदा दिवस मागून मोजायचे असतात, पुढच्या पाळीच्या आधीचे! म्हणजे माझं बीज सुटायचं एकविसाव्याच्या आसपास. सुटलेलं बीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून कामाचे दिवस बीज सुटायच्या आधीचे पाच आणि तो एक. त्यात फाउंड्रीची एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दोन्ही पाळ्या, त्याची आणि माझी, वेगवेगळ्या शाईनं लिहिल्या तेव्हा दिसलं की वर्षातले निम्मे महिने आम्ही त्या दिवसांत फक्त दारात एकमेकांना डबा देत होतो.

मला पीसीओडीचा त्रास आहे, म्हणजे बीज वेळच्या वेळी सुटत नाही, म्हणून ते सुटावं यासाठी डॉक्टरांनी लेट्रोझोलची गोळी दिली. मोठ्या जावेच्या वेळी ही गोळी यासाठी मिळायची नाही, कारण 2011 मध्ये सरकारनं वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी घातली होती. 2017 मध्ये ती उठली. पीसीओडी असलेल्या बायकांत जुन्या क्लोमिफिनपेक्षा लेट्रोझोलनं जास्त मुलं जन्मली, हे 2014 च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसलं होतं. मी चार किलो उतरवले, चालून. फॉलिक ॲसिडची गोळी सुरू केली, ती दिवस जायच्या आधीपासूनच घ्यायची असते.

तीन महिन्यांनी याचा काउंट एक कोटी दहा लाख. मावा सुटला म्हणून, भट्टीवरून डिस्पॅचला बदली मिळाली म्हणून, की नुसताच वर गेला, देव जाणे. मग आययूआय, म्हणजे नमुना धुऊन त्यातले पळणारे शुक्राणू नळीनं थेट पिशवीत सोडायचे. त्याला नळ्या मोकळ्या लागतात, तेव्हा माझा तो पंखा मोजणं अगदी फुकट गेलं नाही. दर खेपेला साधारण दहातल्या एकीला यश येतं, हे आधीच सांगितलं होतं. तीन खेपा करू, नाही झालं तर आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, असं ठरलं.

सासूबाईंना वाटायचं टेस्ट ट्यूब बेबी बाटलीत वाढतं. त्यांना मुंबईच्या केईएममध्ये 1986 साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून जन्मलेल्या टेस्ट ट्यूब बेबी हर्षाची गोष्ट सांगितली, आणि 2016 मध्ये ती स्वतः आई झाली हेही. बीज बाहेर काढून डिशमध्ये शुक्राणूंशी गाठ घालतात, काउंट फारच कमी असेल तर एकेका बीजात एकच शुक्राणू सुईनं सोडतात, आणि तीन ते पाच दिवसांनी गर्भ परत आईच्या पिशवीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे बियाणं रुजवून रोप लावल्यासारखं." अगदी तेच. एका सायकलला, म्हणजे एका खेपेला, लाखाच्या वर जातात, आणि सायकल एकच लागेल असं कुणी लिहून देत नाही. ती वेळ आमच्यावर आली नाही, तिसऱ्या आययूआयला दिवस राहिले. आयव्हीएफ करणारे घाई करतात असंही मी म्हणणार नाही. नळ्या बंद असतील, काउंट नगण्य असेल, बाई चाळिशीला आली असेल, तर आमच्यासारखी रमतगमत वाट धरून चालत नाही. पस्तिशीनंतर तर वर्षभरही थांबू नका, सहा महिन्यांत दोघं जाऊन या.

आता कायदाही आहे, आमच्या वेळी नव्हता. 2021 च्या कायद्यानं अशा उपचारांच्या केंद्रांना नोंदणी सक्तीची झाली आणि वयाची मर्यादा आली, बाईला 21 ते 50, पुरुषाला 21 ते 55. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आणि एएमएच या रक्ततपासणीचा आकडा कमी आला म्हणून माझ्या मामेबहिणीसारखं रात्रभर रडू नका. त्यातून बीजं साधारण किती शिल्लक आहेत ते कळतं, ती कशी आहेत ते नाही. तिला सहा महिन्यांत आपोआप दिवस गेले.

आणि हो, सगळं ऐकून झाल्यावर मावसबहिणी जाता जाता एक शेवटचं विचारतातच, डबी न्यायच्या दिवशी सासूबाईंना काय सांगू? आम्ही रक्ताचं सांगितलं होतं ते चाललं. फक्त त्यांनी ते साखरेचं धरलं आणि पुढचे दोन महिने लेकाला बिनसाखरेचा चहा दिला. तो बिचारा प्यायला.