शाळा सोडल्याचे कारण

आठवीत असताना इंग्रजीच्या बाईंनी एकदा फळ्यावर 'टेक फ्रेंच लीव्ह' असं लिहिलं. यजमानांचा निरोप न घेता, कुणाला न विचारता निघून जाणं, असा त्याचा अर्थ सांगितला आणि म्हणाल्या, "फ्रेंच लोक मात्र यालाच इंग्रजांसारखं सटकणं म्हणतात!" इंग्रजीत हा प्रयोग अठराव्या शतकापासून सापडतो, हे मला फार पुढे कळलं. त्या दिवशी आम्ही फक्त पोट धरून हसलो.

"आता मराठीत सांगा पाहू." झालं, वर्ग नुसता पेटला. दांडी, कल्टी, धूम, गुंगारा, सूंबाल्या, पोबारा... फळा भरला. मग बाईंनी एकेक शब्द उलगडला. काढता पाय घेणाऱ्याला थोडी तरी भीड असते, त्याला कुणाच्या नजरेत यायचं नसतं. हातावर तुरी द्यायच्या तर समोर पकडायला टपलेलं कुणीतरी लागतं. पोबारा सोंगट्यांच्या खेळातल्या दानावरून आला. शेवटी उरलेल्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच 'परागंदा होणे' असं लिहिलं. "याला हसायचं नाही. गाव सोडावं लागलेल्या माणसाचा शब्द आहे हा."

पुढच्याच वर्षी, दिवाळीनंतर, आम्ही गाव सोडलं.

बाबांचं किराणा दुकान उधारीत बुडालं होतं. देणेकरी ओट्यावर येऊन बसत. रात्री दोनच्या सुमारास टेम्पो आला. आईने पातेल्यांमध्ये जुनी लुगडी कोंबली होती, एकावर एक आदळून आवाज होऊ नये म्हणून. धाकटीच्या पायातले पैंजण काढून तिने कमरेला खोचले. दिवा लावायचा नव्हता. माझं दप्तर खुंटीलाच राहिलं आणि त्यात शाळेच्या ग्रंथालयाचा इंग्रजी-मराठी शब्दकोशही राहिला.

पुढे शिकायला मी इंग्लंडात लीड्सला गेलो. संध्याकाळी एका खाणावळीत भांडी घासायचो. एका शनिवारी चौघं पोटभर जेवली आणि वेटर बिल आणायला आत वळताच खुर्च्या रिकाम्या. "दे हॅव डन अ रनर!" तो ओरडला. पुढे असे शब्द कानावर पडतच राहिले. 'स्कार्पर', म्हणजे पसार होणं, मूळ बहुधा इटालियन 'स्कापारे'. 'डू अ बंक' म्हणजे पोबारा करणं, आणि शाळेला दांडी मारणं म्हणजे 'बंक ऑफ'. आपल्याकडची पोरं तास 'बंक' करतात तो हाच बंक, परक्या देशात भेटलेला.

घरमालकीण एकदा आधीच्या भाडेकरूबद्दल सांगत होती. त्याने 'मूनलाइट फ्लिट' केलं म्हणे, चांदण्यातलं स्थलांतर. उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात 'फ्लिट' म्हणजे साधं बिऱ्हाड हलवणं, जुन्या नॉर्स भाषेतून आलेला शब्द. त्याला चांदणं जोडलं की भाडं बुडवून रात्रीतून निघून जाणं. एकोणिसाव्या शतकात यालाच 'शूट द मून'ही म्हणत. ती हसत हसत सांगत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे आमची लुगडी कोंबलेली पातेली आली. मागे राहिलेल्याचे पैसे बुडालेले असतात, त्याच्या तोंडी 'रनर' येणारच. आमच्या देणेकऱ्यांच्या तोंडीही असलाच कुठलातरी शब्द आला असेल आणि तो खोटाही नव्हता. पण टेम्पोत ताडपत्रीखाली बसलेल्या माणसासाठी मला दोन्ही भाषांत एकच शब्द पुरेसा वाटतो, बाईंनी कोपऱ्यात लिहिलेला.

बाबांनी सात वर्षांत सगळी देणी फेडली. शेवटचे पैसे द्यायला गेले तेव्हा मीही बरोबर होतो. शब्दकोशाची किंमतही आम्ही ग्रंथालयात भरली.

त्याच्या कितीतरी आधी, गाव सोडल्यावर दोन महिन्यांनी, बाबा माझा दाखला न्यायला शाळेत आले होते. मान खाली घालून कार्यालयाबाहेर उभे होते, असं ते सांगत. आमच्या वर्गशिक्षिका बाईच होत्या. गावभर काय बोललं जातंय ते त्यांच्या कानावर नक्कीच आलं असणार. तो दाखला आज माझ्याकडे आहे, घड्यांवर विरलेला. त्यावर 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना आहे आणि त्यात बाईंच्या गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं आहे : 'पालकांचे स्थलांतर. वर्तणूक उत्तम.'