ओल्ड गोवा ते नार्वे, घाई न करता

स्लो ट्रॅव्हल आता पॅकेजमध्ये मिळतं म्हणे. महागडा होमस्टे, हॅमॉक, सकाळी योगा आणि वर त्याचं रील. ज्याचे त्याचे पैसे, मला काय, पण गोव्यात सावकाश फिरायला बसपुरते सुटे पैसे आणि एक मोकळा दिवस भरपूर झाला.

पुण्यामुंबईहून कोणी आलं की मी हल्ली एकच रूट सांगते. पणजीहून ओल्ड गोव्याची बस पकडायची, पण रायबंदरवरून जाणारी. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेल्या लांबलचक पुलावरून ती जाते, एकीकडे मांडवी, दुसरीकडे मिठागरं, खिडकी मिळाली तर मजा. ओल्ड गोव्यात चर्च बघून सगळे परत फिरतात, आपण व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली धक्क्यावर जायचं आणि दिवाडी बेटाची फेरीबोट घ्यायची, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. बोट पलीकडे असेल तर थांबायचं. मोबाईल काढायचा नाही, शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या मावशीशी बोलायचं, बाजारभाव आपोआप कळतो.

आता खरी गंमत. सप्तकोटेश्वर हे गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांचं कुलदैवत, मूळ देऊळ दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि लोकांनी देव नदीपलीकडे नार्व्याला नेला, तिथलं देऊळ पुढे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नव्याने बांधायला लावलं. हे सगळं मला शाळेपासून पाठ होतं, डिचोलीवरून गाडीने त्या देवळात जाणंही व्हायचं, पण डोक्यात दिवाडी म्हणजे तिसवाडी तालुका आणि नार्वे म्हणजे डिचोली तालुका, दोन वेगळ्या फायली. बेट चालत ओलांडून पलीकडच्या धक्क्यावरून नार्व्याची बोट घेतली तेव्हा ट्यूब पेटली. अरे, एवढंच तर अंतर! पण तेव्हा या काठावर पोर्तुगीजांची सत्ता आणि त्या काठावर नाही, म्हणजे बोट पाचदहा मिनिटांत ओलांडते तेवढ्या पाण्यावर देव वाचला की गेला ते ठरत होतं. गाडीच्या रस्त्याने हे कधीच दिसलं नसतं, कारण त्या रस्त्यावर ही नदी अशी आडवी येतच नाही.

बेटावर भातशेती, बांध, टेकडीवर पिएदादचं चर्च, बाकी "बघण्यासारखं" काही शोधू नका. भर दुपारी तर चालूच नका.

आणि हो, बेटावरच्या लोकांना हे स्लो वगैरे काही नसतं हां. त्यांना त्याच बोटीने कॉलेज, ऑफिस गाठायचं असतं, रात्री कोणी आजारी पडलं तर जीव टांगणीला. पूल हवा की नको हा वाद तिथे जुनाच आहे, त्यात मी तोंड घालत नाही, कारण मला संध्याकाळी घरी जायचं असतं.

नार्व्याहून डिचोलीला बस आहे, पण उतरल्या उतरल्या वेळ विचारून घ्या, नाहीतर देवळातच मुक्काम.