फोन होडीवर, वर्ग घरात

वसईच्या किनारपट्टीवरील चर्चच्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवतो. पाचूबंदर-किल्लाबंदरकडची कोळ्यांची मुले, वाडीवाल्यांची मुले आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या चाळींमधली हिंदू-मुस्लिम मुले आमच्याकडे एकाच बाकावर बसतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला, मग रद्दच झाला, आणि जूनमध्ये शाळा उघडली ती फोनवर.

पहिले काही आठवडे हजेरी इतकी चांगली होती की आम्ही स्वतःवर खूश होतो. पावसाळ्यातील मासेमारी बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, वडील घरी होते आणि म्हणून घरातला एकुलता एक स्मार्टफोनही घरीच होता, हे कारण मात्र आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या, त्यांच्याबरोबर फोनही गेले आणि माझ्या वर्गातली कोळीवाड्याची मुले जवळजवळ एकदमच दिसेनाशी झाली. सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली होती, आणि दूरचित्रवाणी संच काही समुद्रावर जात नाही. पण ती मालिका पहिली ते आठवीसाठी होती, माझ्या मुलांना तिचा उपयोग नव्हता.

शेवटी मुख्याध्यापिका सिस्टरांनी वेळापत्रकच बदलले. नववीचा गणिताचा तास रात्री आठला ठेवला; ज्यांचा फोन तेव्हाही परतलेला नसे, त्यांच्यासाठी मी उदाहरणे कागदावर सोडवून पाठवू लागलो, आणि आठवड्यातून एकदा त्या कागदांच्या झेरॉक्स चर्चच्या आवारात ठेवल्या जात. सरकारी आदेशातल्या ‘ऑनलाइन’ या शब्दात हे बसत नव्हते, पण मुले त्यानेच शिकली, असे माझे मत आहे.

सकाळच्या प्रार्थनेचे काय करायचे, हा प्रश्न वेगळाच होता. शाळेत एरवी कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला आणि बाकीची मूल्यशिक्षणाला वेगवेगळ्या वर्गांत जातात. फोनवर मात्र सिस्टरांनी रेकॉर्ड केलेली एकच प्रार्थना सगळ्यांना जाई आणि ती स्वयंपाकघरात, आजी-आजोबांसमोर ऐकली जाई. मला धाकधूक होती की कोणीतरी पालक आक्षेप घेतील. प्रत्यक्षात एका मुस्लिम विद्यार्थिनीच्या आईचा निरोप आला तो इतकाच, की आवाज फार हळू येतो, जरा मोठ्याने म्हणायला सांगा. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर फोन तोंडाजवळ धरून प्रार्थना म्हणू लागल्या.