मेइको काजी, आणि तिने न बोललेले डायलॉग

रविवारी भांडी घासताना मी मोबाईलवर ‘उरामी बुशी’ हे जपानी गाणं लावलं होतं तर आई बाहेरच्या खोलीतून ओरडली, अगं कोण गेलं, हे काय लावलंयस सकाळी सकाळी! तिला म्हटलं कोणी गेलं नाहीये, ही बाई जायचीये कुणालातरी मारायला. उरामी म्हणजे मनात धरून ठेवलेला राग, आपण डूख धरणं म्हणतो ना अगदी तेच.

तर ही गाणारी मेइको काजी, जपानी नटी आणि गायिका. माझी तिची ओळख बहुतेकांची झाली तशीच, हॉलीवूडचा डायरेक्टर टॅरेंटिनोच्या ‘किल बिल’ पिक्चरमुळे. पहिल्या भागात शेवटी बर्फातल्या बागेत ल्यूसी ल्यू पडते आणि एक बाई जपानीत गायला लागते, ते गाणं ‘शुरा नो हाना’, १९७३ च्या ‘लेडी स्नोब्लड’ पिक्चरचं. दुसऱ्या भागाच्या शेवटी ‘उरामी बुशी’. म्हणजे ३० वर्षांपूर्वीची दोन गाणी दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये वाजली आणि मग जगाला कळलं की अरे अशी कोणीतरी आहे. मला तेव्हा जपानी ओ की ठो कळत नव्हतं, अजूनही नाही, पण आवाज डोक्यातून जाईना. ती कुठेही तार सप्तकात जाऊन रडत नाही, सपाट गाते, जणू काही हिशोब वाचून दाखवतेय, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते.

जन्म टोकियोचा, १९४७. खरं नाव मासाको ओता, आणि १९६५ पासून निक्कात्सु स्टुडिओत त्याच नावाने छोटे छोटे रोल करायची. १९६९ मध्ये डायरेक्टर मासाहिरो माकिनोंच्या पिक्चरच्या वेळी मेइको काजी झाली. मग ‘स्ट्रे कॅट रॉक’ नावाची पोरींच्या गँगची सिरीज आली, त्यातल्या पहिल्या पिक्चरची हिरोईन खरं तर गायिका अकिको वादा, पण पुढचे पिक्चर काजीने खाल्ले. आणि सगळं जमत आलं असताना १९७१ मध्ये निक्कात्सुने धंदा टिकवायला तसल्या पिक्चरची लाईन धरली, रोमान पोर्नो म्हणतात त्याला, तर ही सरळ तिथून बाहेर. मला हा भाग फार आवडतो कारण तेव्हा ती काही स्टार वगैरे नव्हती की चार स्टुडिओ दारात उभे असतील.

तोएई स्टुडिओत गेली तर तिथे मिळाला ‘सासोरी’, म्हणजे विंचू. तोरू शिनोहारांच्या मांगावरचा (मांगा म्हणजे जपानी कॉमिक), बायकांच्या जेलचा पिक्चर, आणि मांगातली ती बाई तोंडाने चांगलीच शिवराळ. काजीचं म्हणणं की मी करते पण मी बोलणार नाही. डायरेक्टर शुन्या इतोचा तो पहिलाच पिक्चर आणि त्याने ऐकलं! त्यामुळे काळा लांब कोट, काळी मोठी हॅट आणि हॅटच्या कडेखालून वर बघणारे दोन डोळे, बास. ‘उरामी बुशी’ याच पिक्चरचं, शब्द इतोचेच. १९७२-७३ मध्ये तिने चार केले आणि थांबली, सिरीज नंतर दुसऱ्या नट्या घेऊन चालू राहिली, पण आज विंचू म्हटलं की हीच आठवते.

‘लेडी स्नोब्लड’बद्दल तर मी तासभर बोलू शकते. पांढरा किमोनो, हातात छत्री, आणि छत्रीच्या दांड्यात लपवलेली तलवार. पहिल्यांदा ती दांडा ओढते तेव्हा मी पिक्चर मागे घेऊन तीनदा बघितलं, चेहऱ्यावरची एक रेघ हलत नाही हो.

लोक इथेच थांबतात आणि तिथेच माझं डोकं फिरतं. १९७८ मध्ये डायरेक्टर मासुमुराच्या ‘सोनेझाकी शिंजू’त, म्हणजे १७०३ सालच्या बाहुलीनाट्यावरच्या पिक्चरमध्ये, तिने नायिका ओहात्सु केली, ब्लू रिबन आणि किनेमा जुन्पो या दोन्ही जपानी पुरस्कारांत बेस्ट अ‍ॅक्ट्रेस. आणि जपानमधल्या घराघरात ती माहितीये ती १९८९ ते २०१६ चाललेल्या ‘ओनिहेई हान्काचो’ या टीव्ही सिरीयलमुळे. एदो काळातला, म्हणजे जुन्या सामुराईंच्या जपानमधला पोलीस ऑफिसर हेइझो, ते काम करणारे काबुकी या पारंपरिक जपानी नाटकातले नट नाकामुरा किचिएमोन, आणि काजी त्याची खबरी, ओमासा. २७ वर्षं साईड रोल! २०१८ मध्ये आत्मचरित्र लिहिलं आणि एकाहत्तराव्या वर्षी परत अल्बम पण काढला, तो ऐकाच.

पण ओमासाचं राहिलंच. तिच्या बापाचं दारूचं दुकान, चोरांचा अड्डा, आणि तरुणपणी वाया गेलेला हेइझो तिथे पडीक असायचा. ही तेव्हा लहान पोरगी, तिचा त्याच्यावर जीव. पुढे तो मोठा साहेब, बायको-संसारवाला, आणि ही त्याच्यासाठी जिवावर उदार होऊन चोरांच्या बातम्या काढते. समोर बसून माहिती सांगते, मान खाली घालते, उठून जाते. त्याच्याकडे बघते ते फक्त त्याचं लक्ष दुसरीकडे असताना.