चारिझार्डचा भाव

परवा रात्री भाच्याची न माझी लै जुंपली. विषय काय तर चारिझार्ड, पोकेमॉन या व्हिडिओ गेममधला आग फेकणारा एक प्राणी. आईनं आतून दोनदा विचारलं, कोण हाय रे त्यो, कामून भांडायलाव दोघं. आता आईला काय सांगावं.

भाचा यंदा अकरावीला उदगीरहून लातूरला आलाय, आमच्याकडंच राहतोय. फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर त्यानं पोकेमॉनची यादी काढलेली, सगळ्यात वर एस, मग ए, बी, सी, न एकदम खाली "कचरा". एसमध्ये म्यूटू, आर्सियस, रेक्वाझा, इथपर्यंत माझं काही म्हणणं नाय. पण त्यांच्याच मांडीला मांडी लावून चारिझार्ड बसवलेला. म्हणलं हे काय. तर म्हणे, "मामा, चारिझार्ड खाली कसा असल? उडतोय, आग फेकतोय, निस्ता ड्रॅगन वाटतोय." वाटतोय, बरोबर आहे. पण टाइप, म्हणजे त्याची जात, फायर न फ्लाइंग आहे, ड्रॅगन नाय, आणि सगळं दुखणं तिथंच आहे.

लातुरात रँक या शब्दाला केवढं वजन आहे ते बाहेरच्याला कळायचं नाय. चौकाचौकात पोरांच्या फोटोचे फ्लेक्स, नाव बारीक न मार्क मोठे. त्या हवेत राहून पोरगं पोकेमॉनची पण मेरिट लिस्ट लावणारच. मी मात्र मार्केट यार्डात आडत दुकानी हिशोब लिहिणारा माणूस, दिवसभर सोयाबीन न तूर, त्यामुळं मला वाटतं की पोकेमॉनची रँक म्हणजे मार्क नायत, तो भाव आहे. हे त्याला समजावता समजावता रात्रीचे साडेअकरा झाले, म्हणून म्हणलं लिहूनच काढावं.

आधी कबूल करतो, मी पण चारिझार्डवालाच होतो. नेट कॅफेत तासावर पैसे देऊन एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुने गेम चालवायच्या सॉफ्टवेअरवर, पोकेमॉनचा फायररेड हा गेम खेळायचो, न तेव्हाचं लोडशेडिंग म्हणजे सेव्ह करायच्या आत लाइट गेली की अख्खी दुपार पाण्यात. चारमँडर, म्हणजे चारिझार्डचं लहानपण, घेतला होता अर्थातच. आणि चारमँडर घेतलेल्या प्रत्येकाला आठवत असल, पहिलाच आखाडा, म्हणजे जिम, ब्रॉकची, दगडवाल्याची, तिथं जी बोंब व्हायची ती. दगड न चारिझार्डचं वैर तेव्हापासूनचं आहे, आम्हाला ते उशिरा कळलं.

आता मार्कांचं बघू. प्रत्येक पोकेमॉनला सहा आकडे असतात, एचपी, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स, स्पीड. यांची बेरीज केली की भाच्याच्या डोक्यातली रँक झाली. चारिझार्डची बेरीज ५३४. बरं, दुसऱ्या पिढीतला (पिढी म्हणजे गेमची नवी खेप) टायफ्लोजन आहे, त्याची बेरीज किती? ५३४. निस्ती बेरीज नाय बरं का, सहाच्या सहा आकडे सेम, ७८, ८४, ७८, १०९, ८५, १००. दोघांचं मार्कमेमो एकच. पण टायफ्लोजन नुसता फायर आहे न चारिझार्डला वरून फ्लाइंग चिकटलंय. फ्लाइंग असल्यानं जमिनीचे अटॅक चारिझार्डला लागत नायत, अर्थक्वेक येऊ द्या, हा वर हवेत निवांत. हा फायदा झाला. तोटा असा की दगडाचा अटॅक फायरला दुप्पट लागतो न फ्लाइंगला पण दुप्पट लागतो, मग दोन्ही एकत्र म्हणजे चौपट.

२००६ ला डायमंड न पर्ल हे चौथ्या पिढीचे गेम आले आणि त्यात स्टेल्थ रॉक नावाची एक मूव्ह, म्हणजे डावात वापरायची चाल, आली. ही मूव्ह काय करते, तर समोरच्याच्या बाजूला टोकदार दगड तरंगत ठेवते, आणि मग तिकडून जो जो आत येईल त्याला येताक्षणी दगड लागतो. साध्या पोकेमॉनचा आठवा हिस्सा जातो, टायफ्लोजनचा पाव, चारिझार्डचा अर्धा. अर्धा! अजून काही केलं नाय, नुसता उंबरा ओलांडला न अर्धा जीव गेला. त्यात त्या पिढीत ही मूव्ह टीएममधून, म्हणजे मूव्ह शिकवायच्या वस्तूतून, मिळायची, म्हणजे कुणीही उठावं न शिकावं. सहा सहाच्या मॅचमध्ये आत बाहेर करावंच लागतं, मग चारिझार्ड घेऊन खेळणार कोण? त्याचा एक आकडा कमी केला नव्हता कुणी. गेममध्ये दगड आले एवढंच.

म्हणून म्हणलं भाव. सोयाबीनचा दाणा तोच, ओलावा तेवढाच, माती तेवढीच, पण आज यार्डात आवक किती, गिऱ्हाईक कोण, प्लांटवाले घ्यायलेत का हात आखडून बसलेत, यावर सौदा फुटतो. शेतकरी म्हणतो माझा माल बघा की. माल चांगला आहे दादा, कोण नाय म्हणतंय.

आणि हे मी मनानं नाय जोडायलो. ऑनलाइन खेळणारे ज्या टियर, म्हणजे पायऱ्या, मानतात, ओयू, यूयू, आरयू, एनयू, पीयू, त्या स्मोगॉन नावाच्या खेळाडूंच्या मंडळींनी लावलेल्या, न त्या ताकदीवर लावलेल्याच नायत, वापरावर लावल्यात. ओयू म्हणजे ओव्हरयूज्ड, जास्त वापरलेला. त्याची हद्द आहे ४.५२ टक्के. हा कुठला विचित्र आकडा असं भाच्यानं विचारलं तेव्हा मला लै बरं वाटलं, कारण त्यामागं गणित आहे. पंधरा मॅच खेळल्या तर त्यात तो पोकेमॉन एकदा तरी समोर यायची शक्यता निम्मी, असा हिशोब मांडला की उत्तर ४.५२ येतं. पोरानं कॅल्क्युलेटर काढून तपासलं. ०.९५४८ चा पंधरावा घात, आला अर्धा. (प्रोबॅबिलिटीचा धडा असा शिकवला तर मी पण पास झालो असतो चांगल्या मार्कांनी.) त्यात चांगल्या खेळाडूंच्या मॅचला वजन जास्त देतात. आणि पीयू याचा काही फुलफॉर्म नाय, वास आला की नाक दाबून म्हणतात तसलं ते.

उबर्स तेवढी वेगळी. ती वापराची टियर नाय, तिथं हाकलून दिलेले असतात. एखादा पोकेमॉन सगळा खेळच नासवायलाय असं वाटलं की आधी ठरलेलं रेटिंग गाठलेले खेळाडू मतदान करतात, न पुरेशी मतं पडली की तो ओयूतून बाहेर. सहाव्या पिढीत मेगा रेक्वाझा, रेक्वाझाचं अजून ताकदवान रूप, असा आला की तो उबर्सलाच झेपेना, मग त्याच्यापायी एनीथिंग गोज नावाची अजून एक खोली वर बांधावी लागली.

मार्कांवर विश्वास असणाऱ्यांसाठी माझं आवडतं उदाहरण म्हणजे स्लेकिंग. बेरीज ६७०, म्यूटूची ६८०, म्हणजे दहाच कमी. अटॅक १६०. मग आख्ख्या खेळात दहशत असायला पाहिजे का नाय? पण त्याची अॅबिलिटी, म्हणजे अंगचा गुण, ट्रूअंट, एक डाव खेळला की दुसरा डाव आराम. असे गडी प्रत्येक गावात असतात, पैलवानासारखी तब्येत, एक दिवस आला की दुसऱ्या दिवशी दांडी. सुगीच्या दिवसात असल्याला कोण बोलावतंय. याच्या उलट चॅन्सी. बेरीज ४५०, डिफेन्स फक्त ५, आणि अजून एक इव्होल्यूशन, म्हणजे मोठ्या रूपात बदलणं, बाकी. २०१० ला पाचव्या पिढीत इव्हियोलाइट नावाचा खडा आला, ज्याचं इव्होल्यूशन बाकी आहे त्याचे दोन्ही डिफेन्स दीडपट करणारा, आणि बघता बघता चॅन्सी तिच्याच पुढच्या रूपापेक्षा, ब्लिसीपेक्षा, चिवट झाली. पोरगी आईच्या पुढं गेली ती अशी.

पण भाच्याला खरं पटलं ते टॉरॉसमुळं. टॉरॉस म्हणजे बैल, तीन शेपट्यांचा. आमचे मामंजी बघतील तर लाल कंधारी म्हणतील, देवणी तर नक्कीच म्हणणार नाहीत. १९९६ ला जपानात पहिले गेम आले, त्या पहिल्या पिढीच्या स्पर्धेत हा बैल राजा होता, चॅन्सी, स्नॉरलॅक्स न टॉरॉस, या तिघांशिवाय टीम दिसायची नाय. कारण काय? त्या पिढीत क्रिटिकल हिट, म्हणजे नेहमीपेक्षा जबर फटका, स्पीडवर ठरायचा. टॉरॉसचा स्पीड ११०, म्हणजे पाचातला एक फटका क्रिटिकल. वर हायपर बीम हा मोठा अटॅक मारला की एरवी पुढचा डाव दम खावा लागतो, पण समोरचा पडला तर तीही गरज नाय. बॉडी स्लॅमनं पॅरालिसिस होतोय, ब्लिझार्ड नव्वद टक्के लागतोय, सगळं या बैलाच्या सोयीचं. १९९९ ला गोल्ड न सिल्व्हर आले, त्यात क्रिटिकलचा न स्पीडचा संबंध तोडला, हायपर बीमनंतर प्रत्येक वेळी दम खायला लावला. बैलाच्या शिंगाला कुणी हात लावला नाय, पण शर्यतीचा रस्ता बदलला न राज्य स्नॉरलॅक्सकडं गेलं. "म्हणजे बोर्ड बदलल्यावानी," भाचा म्हणला. हो, तसंच काहीतरी.

भाव म्हणलं तरी प्रत असतेच, हे पण खरं. गार्चॉम्प घ्या. बेरीज ६००, पण मेख त्याच्या स्पीडमध्ये, १०२. शंभरावर केवढी गर्दी आहे बघा, चारिझार्ड, सालामेन्स, म्यू, जिराची, सेलेबी, आणि हा त्यांच्यापुढं दोनच आकडे. दोन मार्कांनी काय होतं हे लातूरच्या पोराला समजावून सांगायची गरज पडली नाय. चौथ्या पिढीत तर त्याला उबर्समध्येच पाठवला होता.

आणि सगळ्यात भारी गोष्ट २०१४ ची. वॉशिंग्टनला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, ती जिंकली दक्षिण कोरियाच्या से जून पार्कनं, आणि त्याच्या टीममध्ये होती पाचिरिसू. पाचिरिसू म्हणजे विजेची खार, बेरीज ४०५, भाच्याच्या वहीत "कचरा"च्या पण खालच्या ओळीत. तिथं दोन दोनच्या जोडीनं खेळतात. पाचिरिसूला फॉलो मी येतं, म्हणजे मला मारा म्हणून पुढं व्हायचं, आणि अॅबिलिटी व्होल्ट अॅब्सॉर्ब, वीज अंगावर पडली की उलट जीव भरतो. शेजारी ग्याराडोस, ज्याला वीज चौपट लागते. आता समजा मी समोर आहे न ग्याराडोसला वीज मारायलोय, तर ती खार मधे येऊन पिऊन टाकायली. फायनलला सालामेन्सचा ड्रॅको मीटिओर हा जबर अटॅक त्या खारीनं झेलला न उभी राहिली, तेव्हा लोक ओरडलेत ते व्हिडिओत ऐकण्यासारखं आहे. एकट्या खारीला कोण विचारतंय, पण शेजार बघून घेतली होती तिला.

हे सगळं ऐकून भाचा म्हणला बरं, मग खेळून दाखव. शोडाउन या ऑनलाइन मॅच खेळायच्या साइटवर चौथ्या पिढीचा ओयू लावला, माझं होम ग्राउंड. माझा स्वॅम्पर्ट पहिल्याच डावात दगड टाकून मोकळा. पोरानं हट्टानं चारिझार्ड आणला, अर्धा गेला, एक थप्पड खाऊन परत नेला, पुन्हा आणला न दारातच आडवा. मी लै हसलो. एवढं हसायला नको होतं.

आठ दिवसांनी, म्हणजे परवा, परत मॅच. चौथ्या पिढीत समोरच्याची टीम आधी दिसत नाय, हे लक्षात ठेवा. त्याची स्टारमी आली, ग्रास नॉट या गवताच्या मूव्हनं माझा स्वॅम्पर्ट संपवला, मग निवांत रॅपिड स्पिन मारून सगळे दगड झाडून काढले. मी सायझर घेऊन बसलेलो. समोरून चारिझार्ड, फुल जीव. ड्रॅगन डान्स केला, अटॅक वाढला, स्पीड वाढला, आणि सायझर, ब्रेलूम, ब्लिसी एका मागोमाग एक. सायझरला आग चौपट लागते, ब्लिसीचा डिफेन्स १०, मी कुणाला पुढं करणार होतो? तीन डावात तीन गेले. भांडण खरं तर त्यानंतर सुरू झालं, कारण मी म्हणलं हे स्टारमीचं श्रेय आहे, न तो म्हणला, "मामा, मंग आवक कमी झाली म्हण की, भाव तर वाढला."

वहीत त्यानं चारिझार्ड एसमधून काढून बीमध्ये टाकलाय, पण पुढं बारीक अक्षरात लिहिलंय, मामासमोर एस.

रविवारी परत खेळायचंय. मी ब्रेलूम काढून रोटोम घेतलाय, वॉशिंग मशीनमध्ये शिरलेला. त्या पिढीत तो वीज न भूत असा आहे, आणि भुताला रॅपिड स्पिन लागत नाय, म्हणजे दगड जागेवरच राहणार. त्याला अजून सांगितलं नाय, तो हे वाचत नसल अशी आशा आहे.