जाताना गप्प, येताना खटखट

गुरुजींची आल्टो गेटातून आत वळली आणि माझ्या पोटात गोळा आला. आठ महिन्यांत ही तिसरी खेप. दिवाळीत मी तिचे पुढचे दोन्ही जंपर, म्हणजे शॉक अब्सॉर्बर, बदलले होते, संक्रांतीनंतर दोन्ही लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे. दोन्ही बिलं मिळून साडेनऊ हजारांच्या वर गेली होती. गुरुजींनी काच खाली केली आणि शांतपणे म्हणाले, "आवाज आहे तसाच आहे रे." चिडले असते तर परवडलं असतं.

माझं गॅरेज कराडला. गुरुजी पाटणकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. लेक चिपळूणला दिलेली, त्यामुळं महिन्याला एकदा कुंभार्ली घाट ठरलेला. गाडी 2004 ची. पंधरा वर्षं झाल्यावर त्यांनी आरसी पाच वर्षांनी वाढवून घेतली, नंतर पुन्हा एकदा घेतली. विकायचं नाव काढलं की विषय बदलतात.

आवाज असा: रस्ता खराब लागला की पुढून डाव्या बाजूला खट-खट, खट-खट. मोठ्या खड्ड्यात एकदाच धप्प होतं तसा नव्हे. बारीक, कोरडा, लोखंडावर लोखंड. खरं तर इथंच माझे कान टवकारायला हवे होते. जंपर गेलेला असेल तर गाडी डुलते, आर्मच्या सांध्यातलं रबरी बुश गेलं की आवाज जरा बोदा येतो. पण "पुढून खटखट" म्हटलं की हात आधी जंपरकडं जातो, सवयीनं.

या वेळी ठरवलं, काही बदलायचं नाही, आधी बघायचं. गाडी जॅकवर घेतली, खाली टेकूच्या घोड्या लावल्या. चाक वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून. बॉल जॉइंट घट्ट, टाय रॉड एंड घट्ट. पोऱ्याला स्टेअरिंग फिरवायला बसवलं आणि मी स्प्रिंगवर हात ठेवला. वरचं माउंटिंग अडकत असेल तर स्प्रिंग तटकन उडी मारल्यासारखी हाताला लागते. तसंही काही नाही. मग लोअर आर्मच्या बुशात टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून रेटली, आणि डाव्या आर्मचं रबर तोंड उघडल्यासारखं फाकलं. पाच-सहा महिन्यांचं नवं रबर!

चूक आमचीच होती. आर्म बसवताना गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय, आणि पोऱ्यानं तसाच बोल्ट कचकचून आवळला. रबर त्याच कोनात पकडलं जातं. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो, रबराला कायमचा पीळ बसतो आणि चार-सहा महिन्यांत ते फाटतं. बोल्ट नुसता लावून ठेवायचा, गाडीचं वजन चाकांवर आलं की मग आवळायचा. हे मी पोऱ्याला पन्नास वेळा सांगितलंय. तपासलं मात्र एकदाही नव्हतं. नवं बुश माझ्या खिशातून घातलं, उजव्या बाजूचे बोल्टही सैल करून गाडी जमिनीवर असताना पुन्हा आवळले आणि मनात म्हटलं, सुटलो.

मागच्या गल्लीत पावसानं खडी उघडी पडलीय, तिथं चक्कर मारली. खट-खट, खट-खट.

परत आलो तर गुरुजींबरोबर आलेल्या काकूंनी थर्मासमधला चहा काढून ठेवलेला. कप हातात देत म्हणाल्या, "मी मघापासून सांगायचं म्हणते, पण हे बोलू देत नाहीत. लेकीकडं जाताना गाडी गप्प असते. परत येताना सगळा घाट रडते."

गुरुजी हसले. "तिलाच निघताना रडू येतं, म्हणून तसं वाटतं."

मीही हसलो. पण चहा तोंडाजवळच राहिला. चिपळूणला जाताना घाट उतरायचा, येताना चढायचा. उतरताना वजन पुढच्या चाकांवर येतं, म्हणजे पुढचं काही सैल असेल तर ते वाजायला हवं, गप्प कसं बसेल? उतरताना अजून काय वेगळं होतं? गुरुजींना विचारलं, "घाट उतरताना पाय कुठं असतो तुमचा?" म्हणाले, "कुठं म्हणजे? ब्रेकवर."

कप तसाच ठेवला आणि पुन्हा त्या गल्लीत गेलो. वीसचा वेग, खडीवर खटखट सुरू. डाव्या पायानं ब्रेक नुसता टेकवला, गाडी थांबणार नाही इतकाच. आवाज बंद. पाय उचलला, खट-खट. टेकवला, बंद. चार वेळा करून पाहिलं.

म्हणजे दोष सस्पेन्शनचा, जंपर-आर्मचा, नव्हताच. ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर दाबून धरले जातात, त्यांना हलायला जागा उरत नाही.

डावं चाक खोललं तर सगळं ठीक. उजवं खोललं. पत्र्यातून आवाज फिरून कुठून कुठं ऐकू येतो, याचा नेम नाही. आम्ही तिघंही इतके महिने डावीकडं बोट दाखवत होतो. पॅड डिस्कवर दाबतो त्या कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला. पॅडच्या दोन्ही टोकांना स्टीलच्या पातळ क्लिपा असतात, पॅड ब्रॅकेटमध्ये डुगडुगू नयेत म्हणून. इथं एकही नव्हती. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातल्या खालच्या पिनेचं रबरी बूट फाटलेलं, आत पाणी जाऊन पिनेला गंजाचा चर पडलेला. बोटानं धरली तर पिन दुखऱ्या दातासारखी हलत होती.

पॅड कुणी बदलले होते ते बघायला गॅरेजची वही काढली. गणपतीच्या आधी, माझ्याच अक्षरात. आवाज सुरू झाला गणपतीनंतर. आवाज लागायच्या आधी गाडीला काय काम झालं होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं आणि उत्तर माझ्याच टेबलावर पडलं होतं.

क्लिपांचा सेट, दोन पिना, नवी बुटं. पिनेला ब्रेकचंच ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन अडकते. तासाभराचं काम. या वेळी गल्लीत गुरुजींना चालवायला बसवलं आणि मी मागं बसलो. खडीचा करकराट तेवढा येत होता. काकू म्हणाल्या, "आता मागं काहीतरी वाजतंय." तो थर्मास होता.

पैसे घ्यायला मी तयार नव्हतो, गुरुजी दिल्याशिवाय जायला तयार नव्हते. शेवटी सामानाचे तेवढे घेतले. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि ते जुने जंपर?"

फळीवरून काढून दिले. त्यांनी एक जंपर जमिनीवर उभा धरला आणि सगळा भार देऊन दांडा दाबला. दांडा एकसारखा आत गेला, मध्ये कुठं पोकळ नाही, तेलाचा ओघळ नाही. सोडला तसा सावकाश वर आला. दुसराही तसाच.

"म्हणजे हे पास होते," गुरुजी म्हणाले, आणि दोन्ही डिकीत ठेवायला सांगितले.